एकतारीला आवाज द्या, पण आधी अर्थिंग बघा

अमरावती-अकोल्याकडे भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. मोझरीच्या गुरुकुंजाचं नाव घेत खंजिरी अजून रंगते. पण साउंड लागला की एकतारी त्यात बुडून जाते. मग घरातली पोट्टी म्हणतात, आपण हिला करंट लावू. त्यांना रागावू नका. फक्त करंटचं आधी नीट समजून घ्या.

एकतारीला भिंतीतली वीज लागतच नाही. पिझो नावाची पितळेची पातळ चकती मिळते, रुपयाच्या नाण्याएवढी. टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारा. हादरा बसला की ती स्वतःच बारीकशी वीज तयार करते. सेलही लागत नाही.

चकती आधी चिकटपट्टीने घोडीजवळ लावा. तार छेडून ऐका. जागा बदला, पुन्हा ऐका. आवाज मनाला पटला की मग पक्की करा.

शक्यतो वायर जोडलेलीच चकती घ्या. स्वतः सोल्डरिंग करायचं असेल तर मधल्या पांढऱ्या भागावर टोक क्षणभरच टेकवा. जास्त तापला की वरचा मुलामा सुटतो. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं. खिडकी उघडी ठेवा, लहान लेकरं लांब ठेवा आणि जेवणाआधी हात धुवा.

पुढची वायर जाळीची, म्हणजे शिल्डेड घ्या. साध्या वायरने भजनापेक्षा घूंऽऽच जास्त ऐकू येईल. आवाज पातळ वाटला तर 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प मध्ये जोडा.

काही जण गिटारसारखा चुंबकाचा पिकअप लावतात. त्याला लोखंडी तार लागते, पितळेची चालत नाही. घरघर थांबावी म्हणून त्यात तारेलाच वायर जोडतात. तिथे जपा. मग तुमचं बोट तारेवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या बॉडीवरच असतं. अर्थिंग नसेल आणि आत वीज उतरली असेल, तर ती तुमच्या हातात येते. ओठ दुसऱ्या मशीनच्या माइकला टेकले की झटका छातीतून जातो. मी तर सांगेन, घरी करताना चकतीच लावा आणि तारेला काहीही जोडू नका.

आता अर्थिंगचं. आपली काळी माती मे महिन्यात वाळते, भेगाळते. अर्थिंगच्या सळईभोवती फट पडते आणि अर्थिंग नावालाच उरतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. प्लगची जाड तिसरी पिन बोर्डात बसत नाही म्हणून कोणी कापली असेल, तर प्लग बदला. मंदिराच्या बोर्डावर वायरमनकडून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळाली की तो लाइन तोडतो. वर्गणीचा पहिला खर्च हाच करा, नवा स्पीकर नंतर.

एकतारी नवीनच बनवत असाल, तर भोपळा कडूच घ्या, पुरता वाळलेला. आतला भुसा काढताना नाकाला रुमाल बांधा. तार ताणताना तोंड बाजूला ठेवा. तुटली तर डोळ्यावर येते. खुंटीला सागवान हवं असेल तर परतवाड्याकडून आणा, पण बिल घेऊन.

आणि रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. तेव्हा पिन काढून ठेवा. एकतारी तशीही वाजते.