वासाचे मूळ शोधा

दिवाळी आली की घर झाडून-पुसून लख्ख होते. पण हल्ली कित्येक घरांना चार चाकांची आणखी एक खोली असते, आणि तिची सफाई मात्र बाहेरून पाणी मारले की संपते. त्यातून गाडी वापरलेली घेतलेली असली, तर आधीच्या मालकाच्या खाणाखुणाही तिच्याबरोबर घरी येतात. त्यांत सर्वांत चिवट म्हणजे वास.

आमच्याकडे यंदा श्रावणात अशीच एक जुनी व्हॅन आली. निमित्त मामंजींचे. त्यांचा सारा जन्म डोंबिवलीत गेला. आता ते आमच्याकडे ठाण्याला असतात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला जाऊन गणपतीचे दर्शन घ्यायचे, जुन्या माणसांना भेटायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. लोकलची गर्दी आता त्यांना झेपत नाही. व्हॅन वासामुळेच स्वस्तात मिळाली होती. पण मामंजींना दमा! काचा लावून पाच मिनिटे बसले की खोकल्याची उबळ येई. "सूनबाई, यंदा राहू दे," असे ते म्हणाले आणि माझ्या जिवाला चुटपुट लागली.

ह्यांनी लगेच सुगंधाची कुपी आणून टांगली. झाले काय, कुबट वासाला गुलाबाची जोड मिळाली! सुवासाने दुर्गंध झाकतो, जात नाही. आणि दमेकऱ्याला दोन्ही बाधतात. तेव्हा भगिनींनो, आधी मूळ शोधावे.

कुबट वास बहुधा बुरशीचा. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात हवा कायम दमट, त्यामुळे एकदा भिजलेली वस्तू वाळतच नाही. आमच्या गाडीतला गालिचा वरून कोरडा होता. उचलला तर खालचा नमदा चिंब! गाडीतल्या एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबून ते आत झिरपत होते. मेकॅनिकने नळी मोकळी केली. ती तशीच ठेवून वर कितीही धुतले असते, तरी आठ दिवसांत वास परत आला असता.

मग सीट सोडवून, गालिचे काढून सारे आश्विनातल्या कडक उन्हात तीन दिवस वाळवले. कुजलेला नमदा टाकून नवा घातला. आतला पत्रा व प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने पुसले. नंतर व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन त्याचा हात फिरवला. व्हिनेगर आम्ल आहे, म्हणून मासळीचा किंवा लघवीचा उग्र वास त्याने मरतो. सांडलेल्या दुधाचा आंबूस वास असेल, तर खायचा सोडा कोरड्या सीटवर भुरभुरून रात्रभर ठेवावा व सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. राहिलासाहिला वास कोळशाच्या पुरचुंडीने जातो. विडी-सिगारेटचा वास मात्र छताच्या कापडात मुरतो, तेव्हा तेही पुसायला विसरू नये. एसीची जाळी बदलावी; आणि मुक्कामापूर्वी दोन-चार मिनिटे थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतली ओल वाळते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आणि हे सारे काम दमेकऱ्याला दूर बसवून, दारे उघडी टाकूनच करावे.

गाडी अजून घ्यायची असेल, तर नाकाबरोबर डोळेही वापरा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूरकडे हाहाकार उडवला. पुरात बुडालेली गाडी वरून चकाचक करता येते. पण सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर चिखलाची रेघ सापडते. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात. तिथे केवळ वासाचा प्रश्न नसतो, आतल्या विजेच्या तारांचाही भरवसा नसतो. अशा गाडीला स्वस्त म्हणू नये.

वास गेला की नाही, हे मात्र स्वतःच्या नाकाला विचारू नका. नाक काही मिनिटांतच वासाला सरावते. शेजारणीला बोलावून, काचा लावून आत बसवावे. ती भिडेस्तव गप्प राहिली तरी तिचा चेहरा खरे सांगतो!

मामंजींची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. काचा लावून अर्धा तास घोडबंदर रस्त्याने फिरवून आणले. खोकला नाही. उतरताना म्हणाले, "पहाटे चारला निघू. उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळायची नाही." मी फराळाचा डबा आदल्या रात्रीच भरून ठेवणार आहे, पण गाडीत नव्हे, घरात. चकलीच्या तळणीचा वास काढायला पुन्हा तीन दिवसांचे ऊन कोण देणार?