वाऱ्यावर खापर फोडू नका!



वळिवाचे वादळ येते आणि सोलरच्या प्लेटा सांगाड्यासकट धुऱ्यापलीकडे जाऊन पडतात. ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणतो, "दैवी आपत्ती." आम्ही म्हणतो, यात दैवाला ओढू नका. चूक हिशेबाची आहे.

केंद्र सरकारच्या अटींप्रमाणे सौर पंपाचा सांगाडा ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकला पाहिजे. असा वारा चौरस मीटरला सुमारे १०० किलो दाब देतो. ३ एच.पी. पंपाच्या प्लेटा साधारण १५ चौरस मीटर भरतात. वारा पाठीमागून प्लेटांखाली शिरला, की दीड टनाच्या आसपास ओढ बसते, तीही बहुतेक वरच्या दिशेने. फूटभर लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यातले काँक्रीट भरते जेमतेम १३५ किलो. असे चार खड्डे म्हणजे साडेपाचशे. लोखंडाचे आणि प्लेटांचे वजन धरूनही दीड टन होत नाही. उरलेली ओढ धरायची कोणी? मातीने.

आणि माती कोणती? आपली काळी! पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते, हात जाईल एवढी भेगाळते. काँक्रीटच्या कडेचीही माती सुटते. वळिवाचा वारा सुटतो तो नेमका याच दिवसांत. मुरमात चालणारा खड्डा काळीत चालत नाही. ज्वारी नुसत्या धांड्यावर उभी राहत नाही, मुळांवर राहते. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

उपाय नाही असेही नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच तळाशी फुगा असलेला पाया विकसित केला. भोक भेगांच्या थराखाली न्यायचे, तळ रुंद करायचा, मग सळई आणि काँक्रीट भरायचे. फुगलेला तळ सहजासहजी उपसून निघत नाही. हा पाया भारतीय मानकांत आहे, मग वावरात का नाही? कारण खोल खड्ड्याला पैसा लागतो आणि उथळ खड्डा काँक्रीट ओतल्यावर दिसत नाही.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपला वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५, बाकी अनुदान. अनुदान शेतकऱ्याच्या नावाने, बिल ठेकेदाराचे, नुकसान मात्र पुन्हा शेतकऱ्याचे! बोंडे भरताना एक पाणी हुकले, तर पराटी कोणाच्या पंचनाम्यासाठी थांबत नाही.

म्हणून खड्डा टेपने मोजल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. आपल्या जमिनीसाठी केलेला पायाचा नकाशा मराठीत मागा. नटबोल्ट ढिले असतील, तर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही नाही. प्लेटा पडल्याच, तर फोटो काढा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा योजनेतच आहे. तो कोणाचा उपकार नाही.

वारा आपल्या धर्माने वाहणारच. पाया खोदणाऱ्याने आपला धर्म पाळावा, एवढेच आमचे मागणे आहे.