'गो' म्हणजे नुसते जाणे नव्हे

माझ्या वर्गमित्रांनो आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो, आम्हाला पहिलीपासून इंग्रजी आहे. चौथीत आलो तरी आम्ही 'गो म्हणजे जाणे' एवढेच घोकतो. माझे मत असे आहे की, शब्दापुढे एकच अर्थ लिहून वही मिटू नये.

दिवाळी झाल्यावर एकदा शाळेला निघताना मी मोठ्याने म्हणाले, "आय ॲम गोइंग!" आजी म्हणाली, "काय गं ते?" मी अर्थ सांगितला, "मी जाते." आजी चिडलीच. "जाते म्हणू नये, येते म्हणावं!" त्याच दिवशी आईबाबा ऊसतोडीला निघणार होते, म्हणून ती जास्त चिडली असेल. ट्रॅक्टरवर चढताना आईसुद्धा मला "येते गं" म्हणाली. मग वहीतले काय खरे?

मी बाईंना विचारले. मुले हसली, बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कोणी हाक मारली तर इंग्रजीतही "कमिंग" म्हणतात, आपल्या "आले, आले" सारखे. पण घरातून निघताना ते "गोइंग"च म्हणतात, त्यांच्यात ते अशुभ नाही. दूध नासले तरी तिकडे 'गो'च लागतो. आपली नाही का लाईट जात, तसेच.

गोचे 'वेंट' का होते, हेही मी विचारून घेतले. पूर्वी 'वेंड' नावाचे वेगळेच क्रियापद होते, त्याचे रूप गोला चिकटले. मला आधी हे चुकीचे वाटले. पण आपले तरी 'जा'चे 'जाला' कुठे होते? 'गेला'च होते ना!

सगळ्यात मला आवडले ते पुढचे. कोणी परगावी जाऊन अजून तिकडेच असेल तर 'हॅज गॉन'. जाऊन परत आले असेल तर 'हॅज बीन'. म्हणजे माणूस परत आला की नाही, हे इंग्रजीतही बघतात. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "बीन? नागापुढं वाजवतात ती?" पण मग तिने दोनदा म्हणून पाहिले.

म्हणून मला वाटते, फळ्यावर गो, वेंट, गॉन लिहिले की शेजारी बीनपण लिहावे. आमच्या वर्गात पुष्कळ मुलांना ते लागते. माझे आईबाबा अजून गॉन आहेत. कारखान्याचा पट्टा पडला की बीन होतील.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी