विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत

लेख छापून आला की आठवडाभर पत्रं येतात. काही 'अगदी मनातलं लिहिलंत' म्हणणारी, काही खरपूस समाचार घेणारी. कुणाला काय उत्तर द्यायचं, हे ठरवताना मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'कडे वळतो. त्यातल्या युक्तिवादाइतकीच पुस्तकाची मांडणीही शिकण्यासारखी आहे.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने १९३६च्या परिषदेसाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. जात मोडायची, यावर दोघांचं एकमत. पण छापील भाषण हाती पडल्यावर मंडळी बिचकली. काही भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. मग त्यांनी स्वखर्चाने भाषणाच्या १५०० प्रती काढल्या आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात छापला. तेच हे पुस्तक.

गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून भाषणावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख परिशिष्टात घेतले आणि पुढे आपलं उत्तर दिलं. दखल घेतल्याबद्दल आधी आभार मानले, मग एकेक मुद्दा हाती घेतला. भाषणात दिलेली शास्त्रवचनं अस्सल नाहीत, हा गांधीजींचा एक आक्षेप. त्यावर बाबासाहेबांनी सांगितलं, या विषयातला अधिकारी मी नाही. पण ही वचनं टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत. उत्तरात भीडभाड कुठेच नाही. तरी गांधीजींचं म्हणणं वाचकाला त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. विरोध करणारा फार तर चिडवतो. लिखाणाला मुरड घालायला लावतो तो आपल्याच बाजूचा माणूस. म्हणून कौतुकाच्या पत्राला मनापासून आभार कळवावेत, पण 'तेवढं वाक्य जरा सौम्य करा' या सूचनेमागे कारण नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. आणि विरोधी पत्रात मुद्दा असेल, तर तो आपल्या सोयीने कापू नये. आधी पुरता मांडावा, मग जोर लावून उत्तर द्यावं. निव्वळ शिवीगाळीला उत्तराची गरज नाही.

एवढा खटाटोप वाचकासाठी. निवाडा त्याने करायचा, तर दोन्ही बाजू त्याच्यासमोर असायलाच हव्यात.