सोहळा जिव्हाळ्याचा हवा

बारशाला लागते तरी काय? एक पाळणा, मूठभर घुगऱ्या आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या. एवढ्या सामग्रीवर महाराष्ट्रातील घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आनंद साजरा केला. आज मात्र बारशापासून लग्नापर्यंत प्रत्येक मंगलकार्य ऐपतीचे प्रदर्शन होऊ लागले आहे. मांडवात रोषणाईचा झगमगाट असतो. मांडव उतरल्यावर कित्येक वधूपित्यांच्या घरी कर्ज तेवढे उरते. १९६१ च्या कायद्याने हुंडा हा गुन्हा ठरला; परंतु मानपान आणि हौस ही सोज्ज्वळ नावे धारण करून तो राजरोस वावरत आहे. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने अल्प खर्चात, वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञेने विवाह लावून दाखविले. त्या विवाहांच्या मांगल्यात काही उणे पडले नाही. आप्तांनी प्रेमाने अवश्य जमावे. मुलीच्या बारशालाही मुलाइतक्याच उत्साहाने घुगऱ्या वाटाव्यात. मात्र लग्नाची याद करताना 'आम्हांस काही नको' हे शब्द प्रथम वरपित्याने उच्चारले पाहिजेत. मागणाऱ्याने हात मागे घेतल्याखेरीज देणाऱ्याची मान ताठ होणार नाही.