अंगाला कोणता रंग?



घरात कुणी स्वेटर विणला की लोकरीचे चार-दोन तुकडे उरतातच. टाकवत नाहीत आणि कुठल्या कामालाही येत नाहीत. आज ते शोधून काढा. आपण एक बाहुली करणार आहोत, आणि तिचे कपडे बदलता येतात, बरं का!

साहित्य : भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी (लोकरीच्या दुकानात विचारा, इंचात साधारण सात भोकं असलेली घ्या), मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, चार टिचबटणं आणि लोकर.

आधी गणिताची चौकटीची वही काढा. एक चौकट म्हणजे जाळीचं एक भोक. डोकं १२ चौकटी रुंद, १२ उंच. मान ४ रुंद, २ उंच. धड १२ रुंद, १४ उंच. दोन्ही बाजूंना आडवे हात, ७ चौकटी लांब आणि ५ जाड. पाय १४ उंच, प्रत्येकी ५ रुंद, मध्ये दोन चौकटींची फट. उंचीची बेरीज करा पाहू! ४२ चौकटी, म्हणजे सहा इंच. डोक्याचे कोपरे थोडे छाटून गोल करा. आता तेवढीच भोकं मोजून जाळी कापा. कडेची काडी मात्र तुटू देऊ नका, नाहीतर टाका निसटेल.

लोकर हातभर लांबच घ्या. जास्त घेतली की गुंता ठरलेला! एका भोकातून सुई वर काढा आणि तिरकं, वरच्या उजव्या भोकात खाली घाला. सगळे टाके एकाच दिशेला झुकले पाहिजेत. गाठ मारू नका, शेपूट मागच्या टाक्यांखाली दडवा. शेवटी कडेनं गोल टाके घाला.

आता प्रश्न आला अंगाच्या रंगाचा. माझ्या वर्गात ही बाहुली केली तेव्हा मी अंगासाठी फिक्या गुलाबी लोकरीचा एकच गुंडा आणला होता. मधल्या बाकावर तो पोचेपर्यंत संपला. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘‘बाई, अंगाचा रंग संपला!’’ तिच्या शेजारचा मुलगा स्वतःचा हात गुंड्याच्या कागदाशी धरून म्हणाला, ‘‘पण बाई, हा रंग आहे कुणाच्या अंगाचा?’’

मी वर्गाकडे पाहिलं. चाळीस मुलं, आणि त्यातलं एकही त्या रंगाचं नाही. मीसुद्धा नाही! इतकी वर्षं चित्रकलेच्या तासाला मी गुलाबी खडूलाच ‘अंगाचा रंग’ म्हणत आले होते. मला उत्तर देता येईना.

त्या मुलीनं मग तुकड्यांच्या पिशवीत हात घातला. आजोबांच्या उसवलेल्या स्वेटरची चहाच्या रंगाची लोकर निघाली. ती मनगटावर ठेवून बघितली आणि तिचे डोळेच चमकले. दुसऱ्या दिवशी सगळेच आपापल्या मनगटावर लोकर ठेवून रंग शोधू लागले. कुणाला गुळाचा सापडला, कुणाला बदामाचा, कुणाला कॉफीचा.

दिल्लीला व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी १९६५ साली बाहुल्यांचं संग्रहालय सुरू केलं. तिथे देशोदेशींच्या बाहुल्या आपापल्या पोशाखात उभ्या आहेत. मग आपल्या बाहुलीनं आपल्यासारखं का नसावं?

तर रंग मनगटावर ठेवूनच निवडा. काळ्या लोकरीचे डोळे, लाल टाक्याचं तोंड आणि दोन वेण्या करा.

आता कपडे. फ्रॉक, गणवेश, रेनकोट, नऊवारी, सगळं जाळीचंच आणि फक्त पुढची बाजू. रुंदी बाहुलीपेक्षा दोन भोकं जास्त. बाहुलीच्या छातीवर आणि कमरेवर टिचबटणाचा खोलगट भाग शिवा, कपड्याच्या मागे टोकाचा. जागा भोकं मोजून ठरवा, म्हणजे प्रत्येक कपडा बरोबर बसेल. चार टिचबटणांत दोन कपडे होतात. बारीक सुईचं हे काम आईच्या किंवा बाबांच्या शेजारी बसून करा.

त्या मुलीची बाहुली अजून आमच्या कपाटात आहे. चहाच्या रंगाची, गणवेश घातलेली. आणि खडूंच्या डब्यात आता गुलाबी खडू फक्त गुलाबी आहे.

तुमची बाहुली कोणत्या रंगाची झाली? कळवा हं!

तुमच्या बाई