कडेवरचा प्रवासी



तबूकहून मुंबईस निघालेल्या कुटुंबाचा प्रवास बहुधा दोन टप्प्यांत होतो. आधी जेद्दा किंवा रियाध, तेथे काही तासांची प्रतीक्षा, आणि मग चार ते पाच तासांचे उड्डाण. मुंबईचे घड्याळ अडीच तास पुढे असल्याने मुलाच्या झोपेचेही गणित बिघडते. मोठी माणसे हे सोसतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मात्र नुकतेच पाय फुटलेले असतात, आणि पट्टा बांधून बसण्याचे कारण त्याला समजावता येत नाही.

तिकीट काढताना त्याची जन्मतारीख समोर ठेवावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन वर्षांखालील मूल पालकांच्या मांडीवर बसू शकते आणि त्याचे भाडे साधारणतः प्रौढाच्या भाड्याच्या १० टक्क्यांच्या आसपास असते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र आसन घ्यावे लागते. सुटीत गावी असतानाच दुसरा वाढदिवस येणार असेल, तर परतीचे आसन आधीच राखून ठेवावे. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. त्याचा इकामा आणि परतीचा व्हिसाही अब्शरवर स्वतंत्रपणे पाहून घ्यावा.

हातातल्या पिशवीतील द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी बाळाचे दूध, पाणी व पातळ आहार प्रवासापुरता नेता येतो. तपासणीत तो वेगळा काढून दाखवावा. परतताना मात्र आजीने प्रेमाने बांधून दिलेली पुरचुंडी उघडून पाहावी. बाळगुटीतील जायफळ आणि अनारशांवरील खसखस, दोन्हींना सौदी अरेबियात बंदी आहे. आजीला हे निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

आता मुख्य प्रश्न रडण्याचा. उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. विमान उतरू लागले की हा दाब वाढतो. कानाचा मधला भाग आणि घसा यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद व आडवी असते. ती वेळेवर उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो आणि कान ठणकतो. गिळताना ही नळी उघडते. म्हणून उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी मुलाला जागे करून घोट-घोट पाणी किंवा दूध द्यावे. झोपेत गिळणे कमी होते. सर्दी किंवा कानदुखी असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. झोपेसाठी परस्पर औषध मुळीच देऊ नये. काही मुले त्याने उलट अधिक अस्वस्थ होतात. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तरीही रडणे सुरू झाले की आपले लक्ष मुलाकडून लोकांकडे जाते. जेद्दाहून निघालेल्या एका विमानात मी एक मराठी माता पाहिली. विमान उतरत होते, मूल कान ओढत आक्रोश करीत होते, आणि ती पुढच्या-मागच्या रांगांची क्षमा मागत होती. अखेर शेजारच्या सुदानी वृद्धाने आपला पाण्याचा पेला मुलाच्या ओठांशी धरला. मूल लगेच शांत झाले नाही, पण ते पाणी पिऊ लागले.

ही क्षमायाचना केवळ सौजन्यातून येते असे मला वाटत नाही. आपल्या आजी-आजोबांना एस.टी.त, शाळेत, पाणवठ्यावर अंग चोरून वावरावे लागले. कोणी बोट दाखवू नये म्हणून मुलांना गप्प ठेवण्याची सवय घराघरांत मुरली, आणि ती पासपोर्टाबरोबर परदेशातही आली.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला भीमराव भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरला. मुलांचे कपडे नीटनेटके होते, वागणे शिस्तीचे होते. तरीही जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. जवळ जेवण होते, पाणी मात्र कोणी दिले नाही, आणि मुले रात्रभर तहानलेली राहिली. मुलांच्या चांगल्या वर्तनाने त्यांना पाणी मिळवून दिले नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या या आठवणीतून आपण शिकायला हवे.

विमानातील आसन आपण हक्काने घेतलेले असते, आणि मांडीवरच्या मुलाचेही तिकीट असते. सहप्रवाशांचा विचार जरूर करावा: मूल पुढच्या आसनाला लाथा मारत असेल तर थांबवावे, त्याला मार्गिकेतून फिरवून आणावे. मात्र कान दुखून ते रडत असेल, तर प्रथम त्याच्याकडे पाहावे. पाण्याची बाटली वरच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवावी.